अक्षर आधी, बोर्ड नंतर: दुकानाचं नाव लिहिताना पैसे कुठे वाया जातात?



व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतो: "सर, लोगो कुठून करून घेऊ आणि किती पैसे द्यायचे?" आज त्यावरच बोलू. पण लोगोच्या आधी एक गोष्ट ठरवायची असते आणि ती बहुतेक लोक ठरवतच नाहीत. ती म्हणजे तुमचं नाव कोणत्या अक्षरात लिहायचं. मराठी अक्षर, देवनागरी अक्षर.

आपल्याकडे काय होतं बघा. दुकानाचं उद्घाटन चार दिवसांवर आलेलं असतं. फर्निचर झालं, माल आला, पूजेची तारीख ठरली. मग फ्लेक्सवाल्याकडे धाव. तो विचारतो, "भाऊ, फॉन्ट कोणता लावू?" आपण म्हणतो, "जो चांगला दिसते तो टाक ना!" झालं. पुढची दहा वर्षं जे नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहणार, त्याचा निर्णय दहा सेकंदांत, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर.

याची किंमत किती? एक साधा हिशोब करू. समजा बोर्डाला १५,००० रुपये लागले, हजार पिशव्यांना ६,०००, पाकिटांच्या लेबलांना ४,००० आणि बिलबुक-कार्डांना २,०००. झाले २७,०००. सहा महिन्यांनी लक्षात आलं की नाव लांबून वाचताच येत नाही, किंवा जोडाक्षर तुटलेलं आहे, तर हे सगळं पुन्हा. छोट्या धंद्यात २७,००० म्हणजे एखाद्या महिन्याचं भाडं आणि मुलाचा पगार. आणि गंमत अशी की, चांगलं अक्षर आज फुकट मिळतं. पैसे लागतात ते घाईला.

आधी इतवारीत एक चक्कर मारा

नागपूरकरांना इतवारी सांगायला नको. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: हा शहराचा जुना ठोक बाजार. कापड, किराणा, सराफा, भांडी, सगळं एकमेकांना खेटून. गल्ल्या अरुंद, गर्दी भरपूर, आणि वर बघाल तर बोर्डाला बोर्ड चिकटलेला. डिझाइन शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण इथे प्रत्येक बोर्डाची शेजारच्या बोर्डाशी स्पर्धा आहे.

एक काम करा. एका गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. एकेका बोर्डाकडे फक्त तीन सेकंद बघा आणि मान वळवा. आता वहीत लिहा: नाव काय होतं? माल काय होता? ज्या बोर्डाचं नाव आठवलं, त्यापुढे बरोबरची खूण करा. दहा बोर्ड झाले की वही बघा. बहुतेक वेळा असं दिसेल की आठवलेल्या बोर्डांवर शब्द कमी आहेत, अक्षर जाड आहे आणि मागचा रंग एकच आहे. विसरलेल्या बोर्डांवर मालकाचा फोटो, देवाचा फोटो, पाच मोबाइल नंबर आणि "आमच्या येथे सर्व प्रकारचे" असं बरंच काही असतं.

गाडीवरून जाणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही यापेक्षा जास्त वेळ मागू शकत नाही.

हा धडा इतवारीला नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते ती याच भागातून. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगितलं जातं. सोबत बडगे असतात, आणि त्या पुतळ्यांवर पाट्या असतात: महागाई, भ्रष्टाचार, जो काही त्या वर्षीचा राग असेल तो. आता विचार करा. पुतळा हलतोय, बघणारा गर्दीत आहे, ढोल वाजतोय. तरीही पाटी वाचली गेली पाहिजे. म्हणून चार-पाच शब्द, ठळक अक्षर, एकच मुद्दा. पुढच्या वेळी मिरवणूक बघायला गेलात, तर कोणती पाटी लांबून वाचता आली आणि का, हे जरा टिपून ठेवा.

कायदा काय म्हणतो, ते आधी बघा

"माझा बोर्ड इंग्रजीतच स्टायलिश दिसतो" असं म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आधी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं या मराठी बोर्डाच्या नियमातून सुटत होती. दुरुस्तीनंतर लहान-मोठं प्रत्येक दुकान त्यात आलं. नियम असा: नाव मराठीत, देवनागरी लिपीत हवं. इतर भाषा चालेल, पण मराठी नाव सुरुवातीला हवं आणि मराठी अक्षराचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यापाऱ्यांच्या संघटनेनं याविरुद्ध आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांत मराठी बोर्ड लावायला सांगितलं. कोर्टकचेरीवर पैसा घालवण्यापेक्षा बोर्डावर खर्च करा, अशा अर्थाचं मतही नोंदवलं.

आता पाकिटाचा नियम बघा, तो वेगळाच आहे. तुम्ही मसाला, पापड, चिवडा पाकिटात भरून विकणार असाल, तर वजन, किंमत, घटक, पॅकिंगची तारीख ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. सोबत मराठी जरूर लिहा, पण फक्त मराठी पुरत नाही. म्हणजे बोर्डावर मराठी पहिली, आणि पाकिटावर मराठीसोबत हिंदी किंवा इंग्रजी. लेबल छापायला देण्याआधी हे माहीत असलं की हजारभर लेबलं रद्दीत जात नाहीत.

थोडक्यात, देवनागरी अक्षर आता तुमच्या धंद्याच्या तोंडावर असणारच आहे. मग ते नीटच निवडू ना!

अक्षराला स्वभाव असतो

मराठी नाटकांच्या जुन्या जाहिराती आठवतात? वर्तमानपत्रात नाटकाचं नाव असं लिहिलेलं असायचं की विनोदी आहे की गंभीर, ते वाचण्याआधीच कळायचं. त्यातली असंख्य नावं कमल शेडगे यांच्या हातची. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांची अक्षरं अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. शब्दाचा आकारच अर्थ सांगतो, हा त्यांच्या कामातला धडा. सोन्याचं दुकान आणि पाणीपुरीचा ठेला, दोघांचं अक्षर सारखं असू शकत नाही.

आपल्या प्रत्येकाकडे शेडगे नसतात. पण गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीत इतके चांगले फॉन्ट आले आहेत की निमित्त सांगायला जागा उरली नाही. खाली दिलेले सगळे गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. त्यांचा परवाना ओपन फॉन्ट लायसन्स. म्हणजे बोर्ड, लेबल, लोगो, वेबसाइट, सगळीकडे धंद्यासाठी वापरता येतात. फक्त तो फॉन्टच वेगळा विकायला काढायचा नाही.

१. मुक्त. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा. साधा, स्वच्छ, बारीक ते जाड असे सात प्रकार. काहीच सुचत नसेल तर हा घ्या. बिल, मेन्यूकार्ड, वेबसाइट, सगळीकडे चालतो.

२. बालू. हाही एक टाइपचा. गोलसर, गुबगुबीत. खाऊ, बेकरी, खेळणी, पाळणाघर अशा धंद्यांना शोभतो. वकिलाच्या ऑफिसला नको.

३. मोदक. नावाप्रमाणेच लठ्ठ! अक्षराच्या आतली जागा जवळजवळ बुजलेली. दोन-तीन अक्षरांचं नाव मोठ्या आकारात असेल तरच वापरा. लहान केलात की काळा डाग.

४. तेको आणि खंड. इंडियन टाइप फाउंड्रीचे. उभट, अंग चोरून बसणारे. नाव लांब आणि बोर्ड अरुंद असेल तेव्हा कामाचे. हार्डवेअर, जिम, ट्रान्सपोर्ट.

५. यात्रा वन. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. जुन्या खानावळीचा, चहाच्या टपरीचा बाज हवा असेल तर बघा.

६. टायरो देवनागरी मराठी. जुन्या छापील पुस्तकासारखा भारदस्त. पैठणी, आयुर्वेद, पुस्तकं, लग्नपत्रिका. या फॉन्टची हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळी भावंडं आहेत. आपल्याला "मराठी" असं नाव असलेलाच घ्यायचा. त्याचं कारण पुढे येतंय.

७. अनेक. एक टाइपनं २०२२ मध्ये आणला. एकाच फॉन्टमध्ये अक्षर उभट ते रुंद आणि बारीक ते जाड असं हवं तसं करता येतं. इंग्रजीसकट दहा लिप्यांत आहे. उद्या माल गुजरात किंवा तेलंगणात गेला, तरी ब्रँडचा चेहरा तोच राहील.

शेवटचा फॉन्ट आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. नाव बोर्डात बसत नसलं की डिझाइनवाला काय करतो? माउसनं दोन्ही बाजूंनी अक्षर दाबतो. दाबल्यावर उभ्या काना-दांड्या बारीक होतात, पण आडवी शिरोरेषा तितकीच जाड राहते. अक्षर आजारी दिसायला लागतं. म्हणून नियम लक्षात ठेवा: अक्षर दाबायचं नाही, ताणायचं नाही. जागा कमी असेल तर उभट फॉन्ट निवडायचा.

मराठी ल, मराठी श

आता त्या "मराठी" शब्दाचं कारण. हिंदीतला ल आणि श आपल्यापेक्षा वेगळा दिसतो. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. राज्य शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यातही हीच वळणं दिली आहेत. कॉम्प्युटरला मात्र देवनागरी म्हटलं की बऱ्याचदा हिंदी वळणच आधी आठवतं. त्यामुळे "शालिनी कलेक्शन" छापलं की ते मराठी दुकान वाटतच नाही, आणि काय खटकतंय तेही चटकन कळत नाही.

काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. भाषा मराठी निवडली की मराठी ल-श येतात. म्हणून डिझाइनवाल्याला स्पष्ट सांगा: "भाऊ, भाषा मराठी सेट करा, हिंदी नको."

आणि नाव फायनल करण्याआधी हे शब्द त्या फॉन्टमध्ये टाइप करून बघा: श्री, विठ्ठल, शुद्ध, पट्टी, प्रार्थना, सुऱ्या, ऱ्हस्व, ॲक्वा, ऑफर, बाळ. आणि ₹ हे चिन्हसुद्धा. कुठे अक्षर तुटलं, पाय मोडका दिसला, टिपक्यांचं गोल वर्तुळ आलं, तर एक तर फॉन्ट कच्चा आहे किंवा सॉफ्टवेअरची सेटिंग चुकली आहे. फोटोशॉप-इलस्ट्रेटरच्या काही आवृत्त्यांमध्ये भारतीय लिप्यांसाठी वेगळा कंपोझर निवडावा लागतो. तो नसला की वेलांटी आणि जोडाक्षर हमखास बिघडतात. "प्रिंटमध्ये बरोबर येईल" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. स्क्रीनवर तुटलेलं अक्षर बोर्डावरही तुटलेलंच येतं.

युनिकोड म्हणजे काय, दोन मिनिटांत

डीटीपीच्या दुकानात अजून कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. छपाईपुरतं ठीक आहे. पण त्यातली युक्ती समजून घ्या. कृतिदेवमध्ये स्क्रीनवर "क" दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथे इंग्रजी "डी" असतो. डीला कच्या कपड्यात उभं केलेलं असतं, एवढंच. तो मजकूर वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकला की कपडे उतरतात आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

युनिकोडमध्ये क म्हणजे जगातल्या कुठल्याही मोबाइलवर क. विंडोजवर युनिकोड मराठी सुरू झालं तेव्हा सोबत आलेला "मंगल" फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी केला होता. जाहिरात क्षेत्र आणि सुलेखन दोन्हींत मुरलेला हा माणूस. त्यांच्या पिढीनं रस्ता करून ठेवला म्हणून आज आपण मोबाइलवर बिनधास्त मराठी टाइप करतो.

तुमच्या धंद्याला याचा फायदा काय? शोध! कोणी गुगलवर "इतवारी ठोक साडी" असं मराठीत शोधलं, तर सापडेल तो युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर. तुमची सगळी माहिती फोटोच्या आत लिहिलेली असेल, किंवा जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ती सापडेलच याचा भरवसा नाही. म्हणून गुगल नकाशावरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीत माहिती मराठीत टाइप करा, आणि वेबसाइटवर मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा, चित्र म्हणून नको.

बोर्ड आणि वेबसाइट: मापाच्या चार गोष्टी

पहिली. बोर्ड किती लांबून वाचला जाणार आहे, ते पावलांनी मोजा. पाटीवाल्यांचा जुना अंदाज असा की दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. पण हा अंदाज इंग्रजीचा. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. त्यामुळे नुसत्या अक्षराची उंची मोजा आणि वर-खाली जागा वेगळी सोडा. नाहीतर पहिली कात्री उकारावरच चालते.

दुसरी. अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर टाकू नका. इंग्रजीत ती फॅशन आहे, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

तिसरी. वेबसाइटवर मराठी मजकुराच्या दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो.

चौथी. देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, कारण जोडाक्षरं भरपूर. वेबसाइटवर पाच-पाच फॉन्ट घातलेत तर गावातल्या नेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. एक फॉन्ट, दोन जाड्या, बस्स.

जे विकत घेतलं ते तुमच्या हातात घ्या

डिझाइनवाल्याला पैसे दिले आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो मिळाला, तर व्यवहार अर्धाच झाला. मूळ फाइल मागा, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फॉन्टचं नाव लिहून घ्या. रंगांचे नंबर लिहून घ्या. आणि या डिझाइनचे हक्क मला दिले, असं दोन ओळींत लेखी, सहीसह घ्या. कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखीच लागतं. तोंडी "तुमचंच आहे साहेब" चालत नाही.

फॉन्ट फुकट आहे म्हणजे शेजारीही तोच वापरू शकतो, हे खरं. म्हणून नाव आणि चिन्ह यांची ट्रेडमार्क नोंदणी करा. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. अर्ज करण्याआधी त्याच वर्गात तसं नाव आधीच कोणी घेतलंय का, ते ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. हा शोध बोर्ड छापण्याच्या आधी घ्यायचा, नंतर नाही.

आणि हाताला वळण असलेला जुना पेंटर तुमच्या भागात असेल, तर त्यालाही एकदा भेटा. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी अशा पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे डिजिटल फॉन्ट करण्याचा प्रकल्प चालवला होता. २०२४ मध्ये ते गेले. नागपुरात तर महालातली चितार ओळ पिढ्यान्‌पिढ्या रंग आणि मातीत काम करतेय. हातानं लिहिलेल्या एका नावाचा नीट फोटो काढून त्याची डिजिटल फाइल करून घेतली, तर ते अक्षर जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल. त्या पेंटरला त्याचा मोबदला आणि श्रेय मात्र द्या, आणि लेखी कागद त्याच्याशीही करा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दुकानाचं किंवा मालाचं नाव वरच्यापैकी तीन फॉन्टमध्ये लिहा. रंग नको, फक्त पांढऱ्यावर काळं.

२. त्यांचे प्रिंट काढून भिंतीला लावा आणि तीस फूट मागे जा. घरातल्या वयस्कर माणसाला आणि शाळेतल्या मुलाला वाचायला सांगा. जे दोघांना न अडखळता वाचता आलं ते ठेवा.

३. तेच नाव बोटभर आकारात, लेबलवर असेल तसं, छापून बघा. बोर्डावर छान आणि पाकिटावर काळा डाग, असं होत असेल तर फॉन्ट बदला.

४. तुटणाऱ्या शब्दांची वरची यादी त्यात टाइप करा.

५. एका कागदावर लिहा: फॉन्टचं नाव, जाडी, दोन रंग. हा कागद फ्रेम करून गल्ल्यामागे लावला तरी हरकत नाही. यापुढे पिशवी, बिल, बोर्ड, स्टेटस, जे काही छापाल त्यावर हेच.

एवढं झालं की मग डिझाइनवाल्याकडे जा. तो फॉन्ट विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असेल, आणि बजेटही तुम्हीच ठरवाल. तुमच्या नावाचे तिन्ही प्रिंट भिंतीवर लावून फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन, कोणतं का चाललं ते एकत्र बघू.

भेटूया. धंद्याला शुभेच्छा!